टाळ्या वाजवल्या म्हणून कॅथलिकपण जात नाही

"हात वर करून, टाळ्या वाजवून, अन्य भाषांत (न समजणाऱ्या शब्दांत) बोलून प्रार्थना करणं कॅथलिक नाही. चर्चने हे कधीच मान्य केलेलं नाही. अशा सभांना जाणारे आधी जपमाळ सोडतात, मग मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), आणि शेवटी औषधंही." नागपुरातल्या आमच्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, ग्रुपवर हा मेसेज आला आणि संध्याकाळपर्यंत चार नातेवाइकांकडून मला परत मिळाला. बारा वर्षं मी अशाच एका गुरुवारच्या प्रार्थना सभेला जाते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

चर्चने मान्य केलेलं नाही, हे साफ खोटं. फेब्रुवारी 1967 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या शिबिरातून कॅथलिक करिष्मॅटिक नवीकरण, म्हणजे अशा प्रार्थनेची चळवळ, सुरू झालं. त्यामागे पेंटेकोस्टल या प्रोटेस्टंट पंथाच्या प्रार्थनेचा प्रभाव होता, तो मी नाकारत नाही. पण कृपादानं, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या देणग्या, आभार मानून स्वीकारावीत आणि त्यांची पारख धर्माधिकाऱ्यांनी करावी, हे जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्येच सांगितलं होतं. 1975 मध्ये पोप पॉल सहावे रोममध्ये या मंडळींशी आपुलकीने बोलले. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेने या नवीकरणाच्या गटांसाठी 'कॅरिस' ही व्हॅटिकनची सेवा सुरू झाली.

हात वर करण्याचं म्हणाल, तर मिस्सेत 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणताना फादर हात पसरूनच उभे असतात. रोमच्या भूमिगत कबरस्थानांतल्या जुन्या भिंतींवर तशाच उभ्या भाविकांची चित्रं आहेत. टाळ्यांसाठी बायबलातल्या स्तोत्र 47 ची पहिली ओळ वाचा: टाळ्या वाजवा, असंच ती सांगते.

अन्य भाषांचा मुद्दा मात्र गंभीर आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही घाबरले होते. पण करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 14 वा अध्याय पूर्ण वाचा. अन्य भाषांत बोलायला मना करू नका, असं संत पौल सांगतात. त्याच अध्यायात हेही आहे की दोघांनी, फार तर तिघांनी, एकेकाने बोलावं, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं. अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द त्यांना जास्त मोलाचे वाटतात. सगळे एकदम ओरडू लागले की मेसेजवाल्यांची तक्रार रास्त ठरते. पण ती तक्रार त्या सभेबद्दल आहे, कृपादानाबद्दल नाही.

जपमाळेचं काय सांगू? आमच्या सभेत पुढच्या बाकावर एक मावशी बसतात. गाणं सुरू झालं की दोन्ही तळवे वर करतात, आणि उजव्या हाताच्या बोटांभोवती लाकडी मण्यांची माळ गुंडाळलेली असते. घामाने मणी काळे पडलेत. त्या म्हणतात, "मले वाचता येत नाही, पण माळ तर मोजता येते." पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधी शिष्यांसोबत प्रार्थनेत येशूची आई मरिया होतीच, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात आहे. मग मरियेची माळ या सभेत परकी कशी?

राहिली औषधं. इथे मी आपल्याच लोकांवर रागावलेली आहे. एका शिबिरात बाहेरून आलेल्या प्रचारकाने माझ्या आईला सांगितलं, "विश्वास असेल तर बीपीची गोळी कशाला?" तिने आठवडाभर गोळी घेतली नाही आणि चक्कर येऊन मोरीत पडली. हा माणूस चर्चच्या विरुद्ध बोलत होता. वैद्याचा मान राख, औषधं प्रभूनेच निर्माण केली, असं सिराखच्या 38 व्या अध्यायात आहे, आणि तो ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलात आहे. आरोग्यदानाच्या प्रार्थनांबद्दल व्हॅटिकनने 2000 मध्ये सूचना काढली: उन्माद आणि नाटकीपणा नको, आणि या प्रार्थना मिस्सेच्या विधीत घुसवायच्या नाहीत.

तो प्रचारक पुन्हा कुठे आला, तर ही सूचना घेऊन फादरांकडे जा. मी तेच केलं. आता आमच्या सभेत बाहेरचा वक्ता फादरांच्या परवानगीशिवाय उभा राहत नाही, आणि आई माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवते, रात्री जेवणानंतर गोळी घेते.