पुढचा ब्रेक ढिला करू नका, काका

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि रागाने लिहिलेली होती, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. पावसात पुढचा ब्रेक वापरा हा माझा सल्ला कुणाचा तरी जीव घेईल, असं काकांचं म्हणणं. येझदी मोटारसायकलच्या काळापासून ते कराड-चिपळूण करतात आणि पावसाळ्यात पुढच्या ब्रेकला बोट लावत नाहीत. पुतण्याच्या शंभर सीसीच्या गाडीचा पुढचा ब्रेक तर जून लागला की ते स्वतः पाना घेऊन ढिला करून ठेवतात. टक्कर टळत नाही असं दिसलं की गाडी आडवी पाडावी, हे त्यांचं दुसरं सूत्र; एकदा असं करूनच आपण वाचलो, असं ते सांगतात. एबीएसवर (ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) लिहिणं म्हणजे पैसेवाल्यांचे लाड, असाही टोला आहे. आणि गेल्या आठवड्यात पुतण्या कुंभार्ली घाट उतरताना घसरला, त्याबद्दल एक प्रश्न.

पुतण्यापासूनच सुरुवात करू. तुम्ही लिहिलंय, "डावं वळण होतं, मागची बाजू गर्रकन उजवीकडे फिरली, पोरगा डाव्या अंगावर पडला. घाबरून पुढचा ब्रेक दाबला असणार." काका, पुढचं चाक लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरतं, तेव्हा मागची बाजू अशी फिरत नाही. हँडल एकदम आत दुमडतं, गाडी खालून निघून जाते, आणि काय झालं ते कळेपर्यंत माणूस डांबरावर असतो. मागची बाजू बाहेर फेकली जाते ती मागचं चाक अडकल्यावर. पुढचा ब्रेक तर तुम्हीच ढिला केलेला. म्हणजे उतारावर, वळणात, ओल्या रस्त्यावर ब्रेकचं सगळं काम त्याच्या उजव्या पायावर आलं होतं.

उतारावर गाडीचं वजन आधीच पुढे झुकलेलं असतं. त्यात ब्रेक दाबला की आणखी पुढे येतं. मागचं चाक हलकं पडतं, आणि हलक्या चाकाला लॉक व्हायला फार जोर लागत नाही. त्याच वेळी घाईने गिअर खाली टाकून क्लच सोडला, तर इंजिनाचा ओढाही त्याच चाकावर येतो. वळणात टायरची थोडी पकड गाडी वळवण्यात खर्च होत असते, ब्रेकसाठी उरते ती उरलेली. म्हणून घाट उतरताना गिअर वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना खाली आणायचा, वेगही तिथेच कमी करायचा, आणि वळणात शिरल्यावर काही नवीन करायचं नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

आता थोडं गणित. वेग ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर. सपाट रस्ता, ओलं पण स्वच्छ डांबर, टायर बरे, घर्षणांक (टायरची रस्त्यावरची पकड) 0.5 धरू. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर साधारण 13 मीटरमध्ये गाडी थांबते. फक्त मागच्याने थांबवायची तर 30 मीटरच्या आसपास लागतात. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जातो तो एक सेकंद यात धरलेला नाही, त्याचे 11 मीटर वेगळे. मागे कुणी बसलं असेल तर मागच्या चाकावर भार वाढतो आणि फरक थोडा कमी होतो, पण जात नाही.

मग पुढच्या ब्रेकने माणसं पडतात ती का? पडतात, हे खरंच आहे. पुढच्या चाकावर वजन येण्याआधीच लिव्हर मुठीत आवळला जातो म्हणून पडतात. वजन पुढे यायला क्षणभर लागतो. आधी हलका दाब, पुढचे शॉकअप थोडे दबल्याचं हाताला जाणवू दे, मग दाब वाढवायचा. गाडी सरळ हवी. कुत्रं आडवं आल्यावर हे सुचत नाही, म्हणूनच रिकाम्या मैदानात, पाऊस पडून गेल्यावर, ताशी 20 च्या वेगाने हाताला सवय लावायची. त्यात चाक लॉक झालं तर लगेच सोडून पुन्हा दाबायचं, हेही तिथेच शिकायचं. मागचं लॉक झालं आणि गाडी अजून बऱ्यापैकी रेषेत असेल, तर तेही सोडायचं. पण मागची बाजू खूपच बाहेर गेली असेल तर एकदम सोडू नये. चाक अचानक पकड घेतं आणि गाडी उलट बाजूला माणसाला उचलून आपटते. त्यापेक्षा घसरत खाली बसलेली बरी.

तुमची भीती जिथे शंभर टक्के लागू आहे, त्या जागाही सांगतो. चिऱ्याच्या ट्रकने सांडलेला लाल चिखल, घाटात ऊन न लागणाऱ्या बाजूचं शेवाळ, वळणावर एखाद्या भरल्या टाकीतून सांडलेलं डिझेल, उड्डाणपुलांवरच्या लोखंडी जोडपट्ट्या, पांढरे पट्टे, गटारांची झाकणं, उसाच्या हंगामात ट्रॉल्यांतून पडून चेंगरलेली कांडी. गोव्यात फेरीबोटीच्या ओल्या रॅम्पवर चढणारे रोज हेच अनुभवतात. अशा जागी पुढचा ब्रेक नको, मागचाही जमेल तितका नको. वेग त्या जागेच्या आधीच कमी केलेला असावा, हँडल सरळ, ॲक्सिलरेटर स्थिर. रेल्वे फाटकात रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडायचे. आणि पहिल्या पावसाची पहिली सर सगळ्यांत वाईट: महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ तेव्हा वर येते, धुऊन गेलेली नसते. चहा प्यायला याहून चांगली वेळ नाही.

गाडी आडवी पाडण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: हे कौशल्य नाही. टायरचं रबर डांबराला जितकं धरतं तितकं लेगगार्डचं लोखंड आणि प्लास्टिक धरत नाही. आडवी गाडी जास्त लांब घसरते, आणि तिला वळवायचं किंवा थांबवायचं कुठलंच साधन हातात उरत नाही. उभ्या गाडीवर शेवटपर्यंत ब्रेक मारत राहिलात तर 40 चा वेग 20 वर येईल, आणि वेग निम्मा झाला की धडकेचा जोर एक चतुर्थांश उरतो. तुम्ही त्या वेळी वाचलात याचा मला आनंद आहे, पण गाडी पाडली नसती तर कदाचित धडकलाही नसता.

गाडी खरोखर हातातून गेलीच, तर हँडल सोडून द्या. तिला धरून ठेवणारा तिच्याबरोबर दुभाजकापर्यंत जातो. हात टेकवून स्वतःला सावरू नका. मनगट आणि कॉलरबोन त्यातच मोडतात. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठू नका. मग आधी मागून काय येतंय ते बघून रस्त्याच्या कडेला व्हा, गाडी नंतर उचला. हेल्मेट आपटलं असेल तर वरून ठीक दिसलं तरी बदला. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो.

एबीएसचं म्हणाल, तर एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, आणि त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी सोय) तरी हवं असा नियम आला. तुमच्या पुतण्याची गाडी तुम्ही लिहिल्याप्रमाणे 2022 ची, म्हणजे तिला सीबीएस असणार. त्यात पायाने मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागतो. पैसेवाल्यांसाठी नव्हे, शंभर सीसीवाल्यासाठीच दिलेली ही सोय, आणि तुम्ही दर जूनमध्ये ती पान्याने काढून घेताय. आजच तो ब्रेक गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलंय तितकाच कसून द्या. त्याच वेळी टायरही बघा. मागचा टायर गोटा झालेला असेल तर माझा सल्ला आणि तुमचा अनुभव दोन्ही निकामी.

आता तुमचा प्रश्न: पडल्यानंतर गाडी पंधरा मिनिटं सुरूच झाली नाही, इंजिन गेलं का? बहुधा नाही. कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या बऱ्याच नव्या गाड्यांत गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. गाडी उभी करून किल्ली बंद करायची, थोडं थांबून परत चालू करायची, मग स्टार्टर मारायचा. पण घरापर्यंत चालवत नेण्याआधी तीन गोष्टी बघायला हव्या होत्या: हँडल आणि पुढचं चाक एका रेषेत आहे का, ब्रेकचं पेडल वाकून अडकलंय का, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर स्वतःहून मागे येतो का. हे बघितलं नसेल, तर उद्या मेकॅनिककडे नेईपर्यंत त्याला गाडी देऊ नका.