चुकीची किंमत आणि 'किंग्ज क्वेस्ट' : 'जुना खेळाडू' यांना उत्तर

नमस्कार 'जुना खेळाडू',

राजा ग्रॅहम आणि त्याच्या कुटुंबाच्या साहसांवरची 'किंग्ज क्वेस्ट' ही जुनी संगणक-खेळांची मालिका. तिच्या २०१५-१६ मध्ये पाच प्रकरणांत नव्याने आलेल्या खेळावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : हा पॉइंट अँड क्लिक, म्हणजे माउसने वस्तूंवर क्लिक करून खेळायचा, खेळच नाही. प्रकरणांमध्ये फार अंतर ठेवलं. चौथ्या प्रकरणातली ठोकळे सरकवायची कोडी कंटाळवाणी आहेत. आणि मुख्य वाक्य : "जुन्या भागांत चुकीची किंमत मोजावी लागायची, नव्यात ग्रॅहम कितीदाही मेला तरी काही बिघडत नाही." इथवर ठीक होतं. शेवटी तुम्ही लिहिलंत की लेखकाने जुने भाग खेळलेलेच दिसत नाहीत, कुणाचे तरी व्हिडिओ बघून लेख पाडला आहे.

'पाडला' हा शब्द मला लागला, आणि तो लागावा म्हणूनच तुम्ही वापरलात. मतभेदाला माझी हरकत नाही. लेख चुकला म्हणा, अर्धवट आहे म्हणा, पण समोरच्याने काय खेळलंय आणि काय नाही हे तुम्ही परस्पर ठरवून टाकता, तेव्हा वाद खेळाचा राहत नाही. म्हणून आधी तेवढं निकालात काढतो. मालिकेचे १९८४ ते १९९८ पर्यंतचे आठही भाग मी शेवटपर्यंत खेळलोय, पाचवा आणि सहावा एकाहून जास्त वेळा. पहिल्या भागात एका बुटक्याचं नाव ओळखावं लागतं, ते मी कागदावर वर्णमाला उलटी मांडून काढलं आहे. ए-च्या जागी झेड, बी-च्या जागी वाय, असं करत रम्पेलस्टिल्ट्स्किनची पंधरा अक्षरं बदलायची. 'उलटा विचार कर' ही खूण वाचून बहुतेक जण नाव शेवटाकडून टाइप करतात, आणि १९८४ च्या मूळ खेळात ते चालत नाही. १९९० च्या सुधारित आवृत्तीत मात्र चालतं. हा फरक खेळाशी झटल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

तुमची एक दुरुस्ती मान्य, आणि लेखात बदल केलाही आहे. आयकॉनवर क्लिक करून खेळायची पद्धत चौथ्या भागापासून आली असं मी लिहिलं होतं, ते चूक होतं. १९८८ च्या चौथ्या भागात ग्रॅहमच्या मुलीला, रोझेलाला, आज्ञा टाइप करूनच द्याव्या लागतात. आयकॉन आले ते १९९० च्या पाचव्या भागात. दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता मुख्य वाक्याकडे येतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे.

जुन्या भागांत किंमत मोजावी लागायची, हे खरं आहे. पण ती कशाची, हे एकदा नीट बघू. पाचव्या भागातलं उंदराचं उदाहरण घ्या. सेरेनिया गावात बेकरीबाहेर एक मांजर उंदराच्या मागे धावतं. तुमच्याकडे काही क्षणच असतात. पिशवी उघडायची, वाळवंटात सापडलेला जुना जोडा किंवा काठी निवडायची आणि मांजरावर फेकायची. हातात यातलं काही नसेल, किंवा कर्सर पोचेपर्यंत मांजर निघून गेलं, तर काय होतं? त्या वेळी काहीच होत नाही. तुम्ही पुढे जाता, मुंग्यांना कुत्र्यापासून वाचवता, सोन्याची सुई मिळवता, जंगलातून चांभारापर्यंत पोचून हातोडी घेता. बऱ्याच वेळाने एका खानावळीत शिरता, तिथले गुंड ग्रॅहमला बेशुद्ध करून तळघरात बांधून टाकतात. दोर कुरतडायला यायचा तो तोच उंदीर. तो वाचलेला नसेल तर ग्रॅहमचा शेवट त्या तळघरात होतो.

इथे चूक कोणती आणि किंमत कोणती? मांजर आणि दोर यांचा संबंध खेळाने कुठेही सुचवलेला नाही. विचार करून उत्तर काढायला जागाच नाही. जुनं सेव्ह, म्हणजे खेळाची आधी जतन केलेली नोंद, शोधायचं, गावात परत यायचं आणि मधलं सगळं पुन्हा करायचं, एवढंच उरतं. सेव्ह एकच ठेवलं असेल आणि ते मांजराच्या नंतरचं असेल, तर खेळ पहिल्यापासून सुरू करायचा. ही किंमत ग्रॅहम मोजत नाही, खेळणारा मोजतो, आणि तीही वेळेच्या रूपात.

त्याच भागातला कस्टर्डचा 'पाय', म्हणजे कस्टर्ड भरलेला भाजलेला गोड पदार्थ, आठवा. रस्त्यावर सापडलेलं चांदीचं नाणं देऊन तो बेकरीतून घ्यायचा. पुढे बर्फाळ डोंगरावर ग्रॅहमला भूक लागते. पिशवीत दोन खाण्याच्या वस्तू असतात : खानावळीतून आणलेली मटणाची तंगडी आणि हा कस्टर्ड-पाय. तंगडी खाल्ली तर अर्धी उरते आणि ती उपाशी गरुडाला देता येते. तोच गरुड पुढे रॉक या दंतकथेतल्या अवाढव्य पक्ष्याच्या घरट्यातून ग्रॅहमला सोडवतो. कस्टर्ड-पाय खाल्ला तर भूक भागते, खेळही काही बोलत नाही, पण पुढे यती समोर येतो आणि त्याच्या तोंडावर फेकायला हातात काही नसतं. घरट्यातही तीच गत. तिथे पडलेलं लॉकेट अंडं फुटण्याआधी उचललं नाही, तर खलनायक जादूगार मोर्डॅकच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या कसिमाचा विश्वास मिळत नाही, आणि घरट्यात परत जायला वाट नसते.

ज्यांना आज पाचवा भाग खेळायचा आहे त्यांनी किमान चार वेगवेगळी सेव्ह ठेवावीत आणि एकही दुसऱ्यावर चढवू नये : गावात पहिल्यांदा शिरण्याआधी, खानावळीच्या दाराशी, डोंगर चढण्याआधी आणि समुद्राला लागण्याआधी. शेवटचं महत्त्वाचं, कारण हार्पींच्या (अर्ध्या स्त्री, अर्ध्या पक्षी अशा प्राण्यांच्या) बेटावरचा गळ न उचलता पुढे गेलात तर किल्ल्याच्या कोठडीत उंदराच्या बिळातलं चीज निघत नाही, आणि ते चीज शेवटच्या यंत्रासाठी लागतं. खेळ शक्यतो स्कमव्हीएममध्ये, म्हणजे जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवा. डॉसबॉक्स या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये सायकल्स, म्हणजे वेग, जास्त ठेवला तर घड्याळावर चालणारे प्रसंग जमणं कठीण होतं. स्कमव्हीएममध्ये कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबलं की सेव्हचा मेनू केव्हाही उघडतो.

हे सगळं मी जुन्या भागांवरच्या रागातून लिहीत नाहीये. पाचव्या भागाची हाताने रंगवून स्कॅन केलेली चित्रं मला आजही डोळे भरून बघावीशी वाटतात. पण ज्याला तुम्ही 'किंमत' म्हणता त्यातला मोठा भाग हा आराखड्यातला दोष होता, आणि तो ओळखणारे पहिले लोक नव्या खेळाचे कर्ते नव्हतेच. १९९४ चा सातवा भाग उघडून बघा. रोझेला किंवा तिची आई व्हॅलनिस मेली की पुन्हा प्रयत्न करायची सोय मिळते आणि खेळ मरणाच्या जरासा आधीपासून सुरू होतो. खेळ प्रकरणांत विभागलेला आहे. आयकॉनची पट्टी जाऊन एकच कर्सर उरला आहे, जो उपयोगाच्या वस्तूवर गेला की उजळतो. हे ठरवणाऱ्यांत खुद्द मालिकेच्या जनक रोबर्टा विल्यम्स होत्या. त्यामुळे २०१५ मध्ये कुणी बाहेरून येऊन मालिका मऊ केली, हे तुमचं म्हणणं टिकत नाही. सातवा भाग तुम्ही खेळला असाल असं मी धरून चालतो. तुमच्यासारखा अंदाज मी बांधत नाही.

आता नव्या खेळात 'काही बिघडत नाही' का, ते बघू. म्हातारा राजा ग्रॅहम नात ग्वेंडोलिनला आपल्या गोष्टी सांगतोय, हा सगळ्या खेळाचा सांगाडा आहे. म्हणून तरुण ग्रॅहम नदीत पडला की म्हाताऱ्याचा, म्हणजे ख्रिस्तोफर लॉइड यांचा आवाज येतो, असं झालं असतं तर काय, ते सांगतो आणि गोष्ट मागे जाते. मरणाला खरोखरच किंमत नाही, तुमचं बरोबर आहे. पण किंमत तिथून काढून दुसरीकडे ठेवली आहे, आणि ती कुठे ठेवली हे बघायचे कष्ट तुम्ही घेतले नाहीत.

दुसरं प्रकरण घ्या, 'रबल विदाउट अ कॉज'. गॉब्लिनांनी ग्रॅहमला आणि गावच्या लोकांना पकडून जमिनीखाली कोंडलंय. लोहारीण अमाया, बेकरीवाले वेंट आणि ब्रॅम्बल, जादूच्या दुकानातलं म्हातारं हॉबलपॉट जोडपं. ग्रॅहमच्या हाती येणारं अन्न थोडं, तोंडं जास्त. ज्याला दिलं नाही तो रात्रीगणिक अशक्त होत जातो. ब्रॅम्बल गरोदर आहे म्हणून सगळं तिला दिलंत तर म्हातारी माणसं खचतात. अमाया दणकट आहे, तिला एक दिवस उपाशी ठेवू, असं म्हणून तुम्ही पुढे जाता आणि दोन दिवसांनी तिच्या कोठडीसमोर उभं राहायला लाज वाटते. शेवटी सुटकेसाठी सोबत कोणाला न्यायचं हेही ठरवावं लागतं, आणि ते कोण चालण्याच्या स्थितीत उरलंय यावर अवलंबून असतं.

आणि आता जुन्या-नव्याची तुलना खरोखर करा. जुन्या भागांत एफ-५ ने सेव्ह, एफ-७ ने परत. उंदीर मेला? परत जा, जोडा फेका, पुसून गेलं. या खेळात हाताने सेव्ह करायची सोयच नाही. खेळ आपला आपण नोंद करत जातो. पहिल्या दिवशीची भाकरी कोणाला दिली, ते तिसऱ्या दिवशी बदलता येत नाही. मग ज्या खेळात केलेलं मागे घेता येत नाही त्यात चुकीला किंमत नाही, हे कसं?

तिसऱ्या प्रकरणात तर निवडीचा फलकही समोर येत नाही. मनोऱ्यात दोन राजकन्या आहेत, व्ही आणि नीस. तुम्ही बोलता कसं, कोणाची बाजू घेता, अडचणीत कोणती वाट काढता, यावरून ग्रॅहमची राणी ठरते, आणि चौथ्या-पाचव्या प्रकरणात तीच दिसते. पहिल्या प्रकरणात धैर्य, शहाणपण आणि करुणा अशा तीन वाटा आहेत. ग्रॅहम ज्या वाटेने गेला, तीच पुढे ग्वेंडोलिन स्वतःच्या भांडणात वापरते. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीतून नातीने काय उचललं, हाच परिणाम. गुण कापणं सोपं असतं, हे करायला खेळ नीट रचावा लागतो.

याचं मूळ कुठे आहे माहीत आहे? १९८४ च्या पहिल्याच भागात, त्याच बुटक्याच्या कोड्यात. नाव बरोबर सांगितलंत तर तो जादूच्या बिया देतो. त्या पेरायच्या, वेल चढायचा, पाय घसरला तर मरायचं. तीनही प्रयत्न चुकले तर तो एक किल्ली देतो, तिने डोंगरातला दरवाजा उघडतो आणि आतून ढगांच्या देशात जाता येतं. गुण कमी मिळतात, एकूण १५८ पुरे होत नाहीत, पण खेळ अडत नाही. चुकलात, तर दुसरी वाट. माझ्या लेखाचं सगळं म्हणणं एवढंच होतं की नव्या कर्त्यांनी जुन्या मालिकेतलं हे बी उचललं आणि मांजर-उंदराचं टाकून दिलं. ते तुम्ही वाचलंत की नाही, मला सांगता येत नाही, कारण तुमच्या प्रतिक्रियेत त्याबद्दल एक अक्षर नाही.

तुमचे बाकीचे मुद्दे थोडक्यात. पॉइंट अँड क्लिक नाही, हे खरंच. ग्रॅहमला थेट चालवायचं असतं आणि एका बटणाने सगळं होतं, त्यामुळे कंट्रोलर जोडून खेळलेलं बरं. पण टाइप करून खेळायचे पहिले चार भाग तरी कुठे पॉइंट अँड क्लिक होते? प्रकरणांमधलं अंतर : पहिलं २८ जुलै २०१५ ला, पाचवं २५ ऑक्टोबर २०१६ ला. तेव्हा जाच झाला असेल, आज सगळी एकत्र मिळतात, विषय संपला. चौथ्या प्रकरणातली ठोकळ्यांची कोडी : आवडली नाहीत तर नाही आवडली. मला दोन-तीन जास्त वाटली, त्यावर भांडण्यासारखं काही नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. फक्त त्याआधी दुसरं प्रकरण पुन्हा सुरुवातीपासून खेळा आणि या वेळी पहिल्या दिवशीचं अन्न गेल्या खेपेपेक्षा वेगळ्या माणसाला द्या. तिसऱ्या रात्री कोण कोण उभं होतं, ते कळवा.