अळवावरचं पाणी आणि मधाचा चमचा

परवा एका पेंट कंपनीची डीलर मीटिंग होती. जेवण चांगलं होतं, तक्रार नाही. पण पडद्यावर आधी कमळ आलं, मग खंड्या पक्षी, मग त्याच्या चोचीसारखं नाक असलेली जपानची बुलेट ट्रेन, आणि वक्ते म्हणाले, "निसर्गाने सगळं शोधून ठेवलंय, आपण फक्त कॉपी करायचं!"

त्या 'फक्त'वर माझं घोडं अडलंय.

आमच्या परसात अळू आहे. पानावर थेंब कसा गडगडतो ते लहानपणापासून बघतोय. 'अळवावरचं पाणी' असं म्हणून आपण त्यावरून आयुष्य क्षणभंगुर ठरवून मोकळे झालो. पण थेंब ठरत का नाही? मी चौदा वर्षं वॉटरप्रूफिंग विकतोय, मलाही हा प्रश्न कधी पडला नाही.

तो पडला विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला, आणि तोही धंद्यासाठी नव्हे. 1970च्या दशकात तो वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी पानांचे पृष्ठभाग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघत होता. काही पानं आधी धुवून घ्यावी लागत, काही कायम स्वच्छ. गंमत म्हणजे स्वच्छ राहणारी पानं गुळगुळीत नव्हती, खडबडीत होती! (माझं गिऱ्हाईक आजही म्हणतं, "ग्लॉसी द्या, धूळ बसत नाही.") कमळाच्या पानावर मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढे उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे त्याहून कितीतरी बारीक कण. थेंब फक्त त्या टोकांवर टेकतो, खाली हवा. धूळही तशीच अधांतरी, म्हणून ती पानापेक्षा थेंबाला जास्त चिकटते आणि त्याच्याबरोबर घरंगळते. अळवाचंही तेच.

कंपन्यांना हे पटेना. खडबडीत म्हणजे स्वच्छ, यावर कोण विश्वास ठेवणार? शेवटी त्याने खडबडीत सिलिकोनचा थर दिलेला एक चमचा केला. त्यावरून मध ओघळून जायचा, मागे टिपूसही उरत नसे. तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांचे डोळे उघडले. क्रिस्टोफ नाइनहुइसबरोबरचा त्याचा गाजलेला शोधनिबंध 1997चा आणि 'लोटुसान' हा बाहेरच्या भिंतींचा रंग बाजारात आला 1999मध्ये. म्हणजे पान बघण्यापासून डबा विकेपर्यंत वीसहून जास्त वर्षं. याला कॉपी म्हणायचं?

आता कोणीतरी कमेंटमध्ये गीतेतलं 'पद्मपत्रमिवाम्भसा' टाकणारच. टाका. पण तिथे विषय कर्म करून अलिप्त राहण्याचा आहे, एक्स्टीरियर पेंटचा नाही.

आणि कॉपी होत नाही तो भाग कोणी सांगतच नाही. काल मी अळवाचं एक पान अंगठ्याने खसाखसा चोळलं (आईने विचारलं, "वड्या करायच्यात का?") आणि वर पाणी टाकलं. चोळलेल्या जागी पाणी पसरलं, बाजूला मोती तसेच. मेण गेलं की जादू गेली. पान जिवंत आहे, ते मेण पुन्हा तयार करू शकतं. माझ्या गिऱ्हाइकाची भिंत कुठून आणणार? त्यात आमचा कोकणातला पाऊस आणि दर दिवाळीला भिंत खराट्याने घासणारी मंडळी.

मीटिंगमध्ये मी हेच विचारलं होतं, "घासल्यावर किती दिवस टिकतं?"

"छान प्रश्न आहे सर, चहानंतर बोलू."

चहानंतर स्कीम जाहीर झाली. वीस बादल्यांवर एक मिक्सर.