दहा टक्के चोरीची मुभा कुणी दिली?

माझी भाची पीएच.डी.चा प्रबंध लिहितेय. परवा तिने एक मेसेज पाठवून विचारलं, "मामा, हे खरंय का?" मेसेज असा: 'यूजीसीच्या नियमात १० टक्के कॉपी चालते. शब्द बदलले की चोरी राहत नाही. नोंदणी नसलेलं लिखाण कुणीही वापरावं. डिग्री मिळाली की कुणी काही करू शकत नाही.'

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८चे नियम हा मेसेज लिहिणाऱ्याने उघडून तरी पाहिलेत का? १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर दंड नाही, एवढं त्यात आहे. पण साम्य म्हणजे चोरीची मुभा नव्हे! त्याच नियमांत सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी यांत साम्य असताच कामा नये, असंही लिहिलंय. दोनशे पानांच्या प्रबंधात दुसऱ्याच्या निष्कर्षांची चार पानं उचलली, तर आकडा येईल २ टक्के, आणि ती चोरीच. उलट स्रोत देऊन घेतलेली अवतरणं मोजणीतून वगळायची असतात. साम्य मोजणारं सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवतं. विचार कुणाचा, हे माणसानेच वाचून ठरवायचं. मुलांना 'दहाच्या आत आणा' एवढंच शिकवणाऱ्या मार्गदर्शकांचा मला संताप येतो. साम्य ६० टक्क्यांच्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते, हे त्या पोरांना कोण सांगणार?

शब्द बदलण्याचं म्हणाल, तर दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून खपवणं, अशीच त्या नियमांतली चोरीची व्याख्या आहे. 'कल्पना' हा शब्द त्यात आहे. कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, हे मात्र मान्य करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानेच १९७८मध्ये आर. जी. आनंद खटल्यात ते सांगितलंय. म्हणजे कोर्टात कदाचित सुटाल, विद्यापीठात नाही.

नोंदणीचा मुद्दा तर साफ खोटा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्याक्षणी हक्क मिळतो, नोंदणी ऐच्छिक आहे. जाणूनबुजून भंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते.

आणि डिग्री? नंतर चोरी सिद्ध झाली, तर मिळालेली पदवीही स्थगित ठेवता येते.

भाचीने त्याच रात्री तिसरं प्रकरण पुन्हा वाचलं. दोन परिच्छेदांना स्रोत दिलेला नव्हता. सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये ते दिसलेच नव्हते.