प्रतिक्रियेला उत्तर : गाळपेर, नाथसागर आणि चिखलातली पाखरं

दादा, नमस्कार.

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठचा चिखल पाखरांसाठी राखावा असा लेख मी लिहिला होता. त्यात कोरियातल्या बुजलेल्या चिखलाचा दाखला दिला होता आणि गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, बंद करा असंही म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. तुम्ही विचारलंय, "मराठवाड्याला समुद्र नाही, प्यायला पाणी नाही, आणि तुम्हाला कोरियाच्या चिखलाची पडलीय? वर, ज्याच्या आजोबांची जमीन धरणात गेली त्यालाच गाळपेर करू नको म्हणता?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. "गाळपेर बंद झाली पाहिजे" हे वाक्य मी लिहायलाच नको होतं. जायकवाडीसाठी शंभरावर गावांनी घरंदारं सोडली. पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती कुणाच्या तरी बापजाद्यांचीच जमीन. तिच्यावर चार महिने हरभरा नाहीतर टरबूज घेणाऱ्याला पाखरांचं नाव सांगून उठवणं अन्यायाचं आहे. ते वाक्य लेखातून काढलंय. माफी मागतो.

चिखलाचं म्हणणं मात्र सोडत नाही.

मागच्या फेब्रुवारीत सोनेवाडीच्या बाजूला भल्या सकाळी काठावर पालथा पडून होतो. समोर वीस-पंचवीस हातांवर टिलव्यांचा थवा. चिमणीएवढं पाखरू, वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. सुपात डाळ निवडताना बोटं चालावीत तशी त्यांची चोच चिखलावर चालली होती. पाऊल उचललं की मागं तीन बोटांचा ठसा, आणि बघता बघता त्यात पाणी भरायचं. त्या ठशांच्या आसपासच्या चिखलात बारीक लाल अळ्या असतात. त्यांच्यासाठी हा जीव सायबेरियाच्या पार उत्तरेकडून, टुंड्रातून, इथवर येतो. त्याला खारं पाणी हवंच असं नाही. त्याला हवा बोटभर पाण्याखालचा मऊ चिखल. समुद्रकाठी भरती-ओहोटीनं तो दिवसातून दोनदा उघडा पडतो. आपल्याकडे दिवाळीनंतर धरण उतरायला लागतं आणि उन्हाळ्यापर्यंत काठ रोज थोडा थोडा मागं सरतो, दर आठवड्याला नवा चिखल देत. टिलवा, तुतारी, शेकाट्या अशा चिखलात चरणाऱ्या पाखरांसाठी नाथसागरच किनारा आहे.

आता कोरिया. दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यावर सैमांगुमला ३३ किलोमीटरचा बांध घालून २००६ मध्ये समुद्र अडवला. ऑस्ट्रेलियातून सायबेरियाकडे निघालेले ग्रेट नॉट, हीसुद्धा चिखलात चरणारी पाखरं, तिथं हजारोंनी उतरायचे. इतक्या लांबच्या उड्डाणाआधी पाखराला अंगावर भरपूर चरबी चढवावी लागते, ती त्या चिखलात मिळायची. तेव्हाही लोक म्हणाले होते, चिखल काय, शेजारी आहेच की, पाखरं तिकडं सरकतील. नाही सरकली. ऑस्ट्रेलियातल्या मोजणीत संख्या घसरली, म्हणजे ती दुसरीकडे गेली नव्हती, मेली होती. चीन आणि कोरियामधल्या पिवळ्या समुद्राचे उरलेले काही चिखलपट्टे पुढं जागतिक वारसा यादीत गेले, चीनचे २०१९ मध्ये, कोरियाचे २०२१ मध्ये. पण सैमांगुमची पाखरं त्यानं परत येत नाहीत. वाटेतला एक मुक्काम मोडला की अख्खी वाट मोडते, एवढ्यासाठी मी ते लिहिलं होतं. आपला मुक्काम अजून शाबूत आहे.

मग माझं मागणं काय? गाळपेर करा, पण पाण्यालगतची एक पट्टी नांगरू नका. पाणी मागं हटेल तशी पट्टीही मागं सरकेल, त्यामुळं वरची कोरडी जमीन तुमचीच राहते. आणि त्या काठाजवळ फवारणी नको. ही अट फक्त पाखरांसाठी नाही. संभाजीनगर-जालन्याच्या नळाला हेच पाणी येतं. तुम्ही प्यायच्या पाण्याचं विचारलंत ना, तर ते आणि टिलव्याच्या अळ्या एकाच काठावर आहेत. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, पण काठावरच्या माणसाशी बसून ठरवल्याशिवाय कागदावरच्या अभयारण्यानं ही पट्टी राखली जायची नाही, हे तुमच्या प्रतिक्रियेनं मला नीट कळलं.

नुकसान किती होईल, पट्टी किती रुंद ठेवता येईल, हे मी घरात बसून सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकता. जानेवारीत पाणी कुठवर उतरतं आणि तुमच्या वाट्याचा तुकडा कोणत्या अंगाला येतो ते कळवा. मी दुर्बीण घेऊन येतो, सकाळी सहाच्या आत.