मी आता बैल व्हायलो

लातुरात रविवारी संध्याकाळी चार-पाच माणसं एका खोलीत दार लोटून बसली की गल्लीचे दोनच अंदाज असतात. एक तर आत पत्ते चालू आहेत, नाहीतर प्लॉटिंगची भागीदारी जमायली. आमच्याकडे त्या वेळी किल्ले, राक्षस आणि वीस बाजूंचा फासा चालू असतो. एकदा खरं सांगून पाहिलं, तर लोकांना ते प्लॉटिंगपेक्षाही संशयास्पद वाटलं. तेव्हापासून आम्ही पत्तेच सांगतो.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलेला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी जादूगार. 'मी कडा चढतो' म्हणायचं, फासा टाकायचा आणि चढला की आपटला ते आकड्यावर ठरतं. आमची गोष्ट मी चालवतो. जत्रेतल्या कुस्त्यांच्या पंचाला जो मान असतो तोच मला आहे, म्हणजे निकाल दिला की शिव्या.

मंडळींत एक डॉक्टर, जनावरांचे. सर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतात. लातूरच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या पोरांची रविवारीही टेस्ट असते, आणि संध्याकाळी पेपर तपासता तपासता सर राक्षस मारतात. वैनी म्हणजे सरांच्या मंडळी, पतसंस्थेत कर्जाचं टेबल सांभाळतात. आणि माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, ज्याच्यापायी हे सगळं रामायण घडलं.

"मामा, मला रूप बदलणारा पाहिजे," तो म्हणाला. "पाहिजे त्याचं रूप घ्यायचं. बाकी काही नको."

खेळात ड्रुइड आहे की, मी म्हणालो. 1976 पासून आहे. जनावराचं रूप घेतो.

"त्याच्यात झाडपाला लई आहे. मंत्र पाठ करा, जंगल राखा. मला नुसतं बदलायचंय."

मग मी वही काढली आणि नव्या वर्गाचे, म्हणजे लढवय्या-चोरासारख्या पात्राच्या नव्या प्रकाराचे, नियम लिहायला बसलो. नाव ठेवलं बहुरूपी. आमच्या गावात सुगीच्या दिवसांत बहुरूपी यायचा. खाकी कपडे, हातात दंडुका, आणि दारात उभा राहून घरधन्याच्या नावानं पकडवॉरंट वाचायचा. आज फौजदार, उद्या आणखी कुणी. तो बहुरूपी आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं, तरी आम्ही पोरं कणगीमागं दडायचो. शेवटच्या दिवशी साध्या कपड्यांत येऊन बिदागी मागायचा. इतकी सुटसुटीत व्यवस्था डोळ्यांपुढे असताना नियम लिहायला असा किती वेळ लागणार!

पहिलं भांडण जिवावरून झालं. या खेळात प्रत्येकाच्या जिवाला आकडा असतो. मार बसेल तसा तो उतरतो आणि शून्यावर माणूस आडवा. खेळता खेळता पात्र एकेक लेव्हल, म्हणजे पायरी, वर चढतं. 2014 च्या नियमांत ड्रुइड दुसऱ्या लेव्हलपासून रूप घेऊ शकतो, आणि घेतलेल्या रूपाचा जीव वेगळा मोजतात. ते रूप मेलं की हा आपल्या मूळ जिवावर परत येतो. चंद्राच्या पंथातला ड्रुइड असेल तर दुसऱ्याच लेव्हलला तपकिरी अस्वल होता येतं. अस्वलाचा जीव 34. थोडी विश्रांती घ्यायच्या आत असं दोनदा होता येतं. म्हणजे 68 झाले, आणि खाली स्वतःचे पंधरा-सतरा शाबूतच.

सरांचा लढवय्या. त्यांनी लाल पेननं कुणाच्या तरी उत्तरपत्रिकेच्या मागं बेरीज केली. "माझे वीस. चिलखत घालून, ढाल धरून, सगळ्यांच्या पुढं उभा राहून वीस. आणि हे पोरगं पंच्याऐंशी?"

"तुम्ही पण अस्वल व्हा," भाचा म्हणाला.

सरांचं खरं होतं. सगळं काही होता येणारा एक जण आला की बाकीच्यांना त्याच्या गोष्टीत बारदाना उचलायचंच काम उरतं. 2024 च्या सुधारित नियमांनी हे ओळखलं. त्यांत जीव आपला तोच राहतो आणि रूप घेतल्यावर लेव्हलच्या हिशोबानं थोडा तात्पुरता जीव वर चढतो. मी तेवढं उचललं. भाच्यानं दोन दिवस फोन घेतला नाही.

दुसरं प्रकरण उडण्याचं. मी मोठ्या हौसेनं देवगिरीच्या धर्तीवर किल्ला रचला होता. देवगिरीला उभा तासलेला कडा आहे, खंदक आहे, आणि वर जायला ती अंधारी, जिच्यात वळणावळणावर शत्रू फसावा अशी योजना. हल्ला करून हा किल्ला घेणं महाकठीण. 1296 साली खिलजी आला तेव्हासुद्धा धान्य म्हणून वर नेलेल्या पोत्यांत मीठ निघालं आणि यादवांना नमावं लागलं, असं सांगतात. मी खंदकात मगरी सोडल्या. अंधारीच्या प्रत्येक वळणाला एकेक सापळा लावला. वहीची अकरा पानं भरली.

"मी पाकोळी होतो," भाचा म्हणाला, आणि अकरा पानं ओलांडून बारादरीत जाऊन बसला.

छापील नियमांत आठव्या लेव्हलपर्यंत उडणारं रूप का घेऊ देत नाहीत, ते मला त्या रात्री उमगलं. त्यांनीही कधीतरी वह्या भरल्या असणार. आमच्याही वहीत आठवी लेव्हल आली. मगरी पुढच्या किल्ल्यासाठी ठेवल्या आहेत.

तिसरी अडचण कुणी नियम करून सांगत नाही: रूप निवडायला लागणारा वेळ. राक्षस अंगावर आलाय, सरांनी तलवार उपसलीय, आणि भाचा मोबाईलवर प्राण्यांची यादी वरखाली करत बसलाय. "थांबा हं. लांडगा बघू का तरस?" चहा गार झाला तरी राक्षस तसाच हात उगारून उभा. शेवटी मी फर्मान काढलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच जनावर व्हायचं, तीनच रूपं ठेवायची आणि त्यांची कार्डं आधी लिहून आणायची. आधी पाहिलेलं जनावर पाहिजे हे मूळ नियमातही आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला की वाघ, सिंह, अस्वल एका झटक्यात बाद. उरले रोही म्हणजे नीलगाय, रानडुक्कर, लांडगा, घोरपड, साळिंदर, शेळी, गाढव आणि बैल.

आता या जनावरांचे आकडे कुठून आणायचे? रोह्याची ताकद किती धरावी हे विचारायला मी औशाकडे शेती करणाऱ्या काकांना फोन केला. त्यांनी अर्धा तास रोह्याला शिव्या घातल्या. त्या शिव्यांवरून आकडा काढला तर रोही ड्रॅगनच्या वर जात होता. मी तसं म्हणालो. काका म्हणाले, "ड्रॅगन हरभऱ्यात येतो का?" येत नाही म्हटलं. "मग त्याचं काय कौतिक सांगायलास?"

भाच्याची तीन कार्डं ठरली: घोरपड, लांडगा आणि बैल. बैल कशाला, हे मी विचारलं नाही.

गोष्टीत मंडळींचे पैसे संपले. घोडी विकून झाली, खानावळवाल्याची उधारी झाली. भाचा शांतपणे म्हणाला, "मी आता बैल व्हायलो. वैनी मला बाजारात विकतील. रात्री मी माणूस होऊन दावं सोडून येईन. पुढच्या बाजाराला पुन्हा."

खोलीत कुणी बोलेना. वैनींनी पर्समधून कॅल्क्युलेटर काढला.

मी म्हण फेकली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.

"पैशाचं कुठं आणायलोत आपण?" वैनी म्हणाल्या. "बैलाचं आणायलोत."

एरवी डॉक्टर अर्धवट झोपेत खेळतात, कारण कुणाची ना कुणाची म्हैस रात्री अडलेली असते. ते ताठ बसले. "बाजार कुठला?"

"कुठलाही."

"कुठलाही कसा? हाळी-हंडरगुळीचा धरा. बैल कुठला?"

"देवणी," भाचा म्हणाला. लातूरचं पोरगं, दुसरं काय म्हणणार.

"देवणीत वानेरा, बालंक्या का शेवरा?" भाच्याचा चेहरा पाहून त्यांनी समजावलं. अंग पांढरं आणि तोंडावर काळं असेल तर वानेरा. पांढऱ्यावर काळे ठिपके पोटाकडच्या अंगाला असतील तर बालंक्या. अंगभर वेडेवाकडे काळे डाग असतील तर शेवरा. भाच्यानं वानेरा घेतला. "दाती किती?"

"म्हणजे?"

"वय रे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, का जुळला?"

"मी वीस वर्षांचा आहे."

"वीस वर्षांचा बैल कुणी धरत नसतो बाळा," डॉक्टर खूप मायेनं म्हणाले. त्यांनी भाच्याचा खालचा ओठ बोटानं ओढून आत पाहिलं आणि खेळापुरते चार दात मंजूर केले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला. बाजारातला व्यापारी मीच असल्यामुळे सौदा माझ्याशीच होता. टॉवेलाखाली त्यांनी माझी बोटं दाबली, किती बोटं दाबली त्यावर भाव. मी मान हलवली. त्यांनी एक बोट सोडलं. मी पुन्हा मान हलवली. सर वाकून टॉवेलाखाली बघू लागले तर डॉक्टर खेकसले, "दुसऱ्याच्या सौद्यात डोकावू नका!" मला त्या बोटांच्या आकड्यांतलं काहीही कळत नव्हतं, तरी सौदा माझ्या अंगावर पडला आहे एवढं टॉवेल काढल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

पावती फाडायची तेवढ्यात त्यांनीच खोडा घातला. "कानात बिल्ला आहे का?" जनावराच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असल्याशिवाय आता खरेदी-विक्री होत नाही. बरं, बिल्ला मारला. आता रात्री हा माणूस झाल्यावर बिल्ल्याचं काय? मूळ नियम सांगतो की अंगावरचं सामान रूपात विरघळतं, खाली पडतं किंवा अंगावरच राहतं. पण बिल्ला हे सामान का जनावराची ओळख? कानात राहिला तर सकाळी व्यापारी बिल्ल्यावरून पोरगं ओळखणार.

यातच सरांना वस्तुमान आठवलं. "साठ किलोचं पोरगं, चारशे साठ किलोचा बैल. मधले चारशे किलो आले कुठून?" त्यांनी मांडून दाखवलं, 3.6 गुणिले 10 चा 19 वा घात एवढे ज्यूल. "एवढी ऊर्जा हे पोरगं एका चुटकीत उभी करायलंय, आणि आमच्या क्लासवर दुपारी लाईट नसते."

रात्री उशिरा नियम ठरला. रूपातलं जनावर विकलं तर ते विकत घेणाऱ्याचं. भाच्यानं नवं पात्र काढावं. वैनींनी कॅल्क्युलेटर पर्समध्ये ठेवला, पुन्हा काढला आणि म्हणाल्या, "विकत नाही मग. तारण ठेवते." त्याचा निकाल अजून प्रलंबित आहे.

मधे एकदा माणसांची रूपंही देऊन पाहिली. भाचा तुरुंगाच्या मुख्य अंमलदाराचं रूप घेऊन फाटकावर गेला आणि पहारेकऱ्यासमोर लाजला. "मी... मोठा साहेब आहे," एवढंच तोंडातून निघालं. वैनींना ते बघवेना. त्यांनी त्याचा कागद ओढून घेतला आणि मान वर न करता म्हणाल्या, "साहेब मीटिंगला गेलेत. उद्या या. येताना सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणा." पहारेकरी मी होतो. मी भाला टेकवला आणि झेरॉक्स काढायला निघून गेलो, तेही त्या जगात छापखाना नसताना. फासा टाकायचं कुणाला सुचलंच नाही. आता वहीत असं आहे की माणसाचं रूप नियमानं मिळेल, पण बोलायचं आपल्या तोंडानं. भाच्यानं ते कार्ड कधी घेतलं नाही. एप्रिलमधे त्यानं पाण्याचा टँकर होण्याची परवानगी मागितली होती. आख्खं राज्य पायाशी येईल म्हणाला. येईल हे खरंच होतं, म्हणूनच दिली नाही.

बैल मात्र टिकला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बसलो, आणि गोष्ट ऐन रंगात आलेली. किल्ल्याच्या दारावर मोठी शिळा, मागून राक्षस, आणि शिळा ओढणं बैलालाच शक्य. भाच्यानं कार्ड टाकलं. सरांनी दोर बांधला.

"जुंपता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"का?"

"आज खांदेमळणी. आज आणि उद्या बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नसतात."

सर म्हणाले की या जगात पोळा नाही. डॉक्टर म्हणाले, या जगात देवणी आहे तर पोळा आहे. भाच्यानं बैल म्हणून नुसती मान हलवली. रूपात असताना बोलता येत नाही हा नियम तो पहिल्यांदाच पाळत होता. आवाज चढले तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. सकाळी मातीच्या बैलांना लावायची हळद-लोण्याची वाटी तिच्या हातात होती.

"बैल कोण तुमच्यात?"

सगळ्यांनी भाच्याकडे बोट दाखवलं. आईनं त्याच्या टी-शर्टची गळपट्टी बाजूला सारून खांद्याला लोणी चोळलं आणि म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग आत निघून गेली.

मी तिथल्या तिथं वहीत कलम घातलं: श्रावण अमावास्येला आणि आदल्या दिवशी बैलरूपाकडून ओढकाम घेतलं जाणार नाही. शिळा जागची हलली नाही. मी राक्षसाचा फासा टाकला. वीस पडले, आणि सगळ्यांत पुढं ढाल धरून सर उभे होते.