इंग्रजी कच्चं आहे म्हणून शब्दखेळ सोडू नका

"माझं इंग्रजी बेताचं, स्क्रॅबल-वर्डल मला जमायचं नाही." चांगल्या हुशार माणसांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आज सविस्तर लिहायचंच ठरवलं. मला हे अजिबात पटत नाही. स्क्रॅबलमध्ये हातातल्या सात टाइल्स, म्हणजे अक्षरांचे छोटे चौकोन, जुळवून पटावर शब्द लावायचा असतो; वर्डलमध्ये लपलेला पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. त्याचा अर्थ माहीत असायला हवा किंवा तो वाक्यात वापरता यायला हवा, अशी अट कुठल्याच नियमात नाही.

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स बघा. 2015 मध्ये त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद जिंकलं, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं! स्पर्धेआधी नऊ आठवडे त्यांनी फ्रेंच शब्दांच्या याद्या पाठ केल्या. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही तेच जगज्जेते झाले. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण आहे, ती प्रत्येकाकडे असणार नाही. पण भाषा न येताही जिंकता येतं, हे त्यांनी सगळ्या जगासमोर दाखवून दिलंय.

मग शिकायचं काय? अक्षरांच्या सवयी. कोण सारखं येतं, कोण क्वचित, कोण कोणाला चिकटून येतं. मुळात स्क्रॅबल उभं राहिलं तेच या अभ्यासावर. आल्फ्रेड बट्स हे अमेरिकन वास्तुविशारद. 1930 च्या दशकातल्या महामंदीत त्यांचं काम गेलं. हा खेळ रचताना त्यांनी वर्तमानपत्रांची पानं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते चक्क मोजलं. म्हणून शंभर टाइल्सपैकी 'ई'च्या 12 आणि गुण एकच. 'क्यू' आणि 'झेड'ची एकेकच टाइल, पण गुण 10. 'एस' खरं तर इंग्रजीत भरपूर येतो, तरी त्याच्या टाइल्स चारच आहेत. नाहीतर जो तो शेवटी 'एस' लावून अनेकवचनं करत बसला असता.

नवखे खेळाडू सगळ्यात जास्त घाबरतात ते 'क्यू'ला. तो हातात आला की 'यू' कधी येतोय याची वाट बघत बसतात. गरज नसते. 'क्यू-आय' हा दोन अक्षरांचा शब्द चालतो, 'क्यू-ए-टी' चालतो, 'एफ-ए-क्यू-आय-आर' म्हणजे चक्क आपला फकीरही चालतो. असे बरेच शब्द अरबी, हिब्रू, चिनी अशा भाषांतून रोमन लिपीत आले, त्यामुळे 'क्यू'मागे 'यू' लावायची इंग्रजी रीत त्यांना लागू होत नाही. हातात एकही स्वर नसेल तरी 'एच-एम-एम' आहे, 'पी-एस-एस-टी' आहे, आणि वेल्शमधून आलेला 'सी-डब्ल्यू-एम' आहे. वेल्शमध्ये 'डब्ल्यू' स्वराचं काम करतो.

मला सगळ्यात जास्त आनंद सात अक्षरांच्या शब्दात मिळतो. सातही टाइल्स एकदम लावल्या की 50 गुण जास्तीचे. मुरलेले खेळाडू हातातली अक्षरं आधी वर्णक्रमानं लावतात. ए-ई-आय-एन-आर-एस-टी असा हात दिसला की त्यांना त्यात रिटेन्स, नॅस्टियर, रेटिनाज, स्टेनर असे कितीतरी शब्द एकदम दिसतात. एवढं लगेच जमणार नाही, पण एक गोष्ट आजपासून करता येईल. 'आय-एन-जी', 'ई-आर', 'ई-डी' अशी शेपटं उजवीकडे काढून ठेवा. 'आर-ई', 'यू-एन' डावीकडे. मध्ये तीन-चार अक्षरं उरतात, आणि तेवढ्यांत शब्द शोधायला इंग्रजीत एमए करावं लागत नाही.

वर्डलचं थोडं निराळं. जॉश वॉर्डल यांनी तो बनवला तेव्हा त्यांच्या जोडीदार पलक शाह यांनी पाच अक्षरी शब्द चाळून अनोळखी शब्द बाजूला काढले, आणि उत्तरांसाठी सुमारे 2,300 नेहमीचे शब्द उरले. म्हणजे इथे तर दुर्मिळ शब्दांची भीतीही नको. लोक अडकतात ते शेवटची चार अक्षरं 'आय-जी-एच-टी' आहेत हे कळल्यावर. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. एकेक करून बघत बसलं तर डाव हातचा जातो. अशा वेळी 'फ्लर्ट' टाका. एफ, एल आणि आर ही तिन्ही अक्षरं एका फटक्यात तपासून होतात. हार्ड मोडमध्ये, म्हणजे सापडलेली अक्षरं पुढच्या प्रयत्नातही वापरावीच लागतात त्या प्रकारात, मात्र ही सोय नाही.

आता अक्षरं टाकली की शब्दांची यादी देणाऱ्या साइट्स आणि अॅप्सबद्दल. समोर माणूस बसलेला असताना त्या उघडणं ही फसवणूक आहे, माझ्या लेखी त्यात दुसरं मत नाही. पण डाव संपल्यावर तीच अक्षरं तिथे टाकून काय सुटलं ते बघणं हा उत्तम अभ्यास आहे, आणि त्याला कुणी चीटिंग म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. सुरुवात दोन अक्षरी शब्दांपासून करा. ते शंभराहून थोडे जास्त आहेत. 'जे-ओ', 'एक्स-आय', 'झेड-ए' असे पाच-सहा शब्द डोक्यात राहिले तरी पुढच्याच डावात फरक दिसेल. फक्त खेळायला बसण्याआधी कोणता शब्दकोश धरायचा ते ठरवून घ्या. 'झेड-ओ' कॉलिन्स या ब्रिटिश शब्दकोशाच्या यादीत आहे, अमेरिकन यादीत नाही, आणि दहा गुणांच्या टाइलवरून होणारी भांडणं लवकर मिटत नाहीत.